जमिनीवर ठेवलेला फिंजान

करकजवळ, रविवार, २ जुलै

नजाह पोरी,

अल्लाह तुझी सकाळ गोड करो. तुला तीनदा फोन लावला. पहिल्यांदा वाजला, नंतर वाजलाच नाही. तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र अकाबाच्या बसवाल्या सालिमच्या हाती देतेय. तो म्हणाला, "शिलाईच्या दुकानातल्या नजाहबाई ना? माझ्या पँटची चेन त्यांनीच बसवली." म्हणजे तुझं बरं चाललंय, एवढं कळलं.

अक्षर बघून हसशील. तू या घरात सून होतीस तेव्हा सासूला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पुढे लुजैनची पहिलीची पुस्तकं, औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या असं जे समोर येईल ते वाचत गेले. ओळ अजून उतरणीला लागते. तू सांभाळून घे.

आता आनंदाचं सांगते. आपली लुजैन पास झाली. नर्सिंगची पदवी, तीही वरच्या नंबराने. निकाल आला तेव्हा ती न्हाणीघरात होती आणि मोबाईल माझ्या हातात. मी दाराबाहेरून नंबर वाचला तशी आतून किंकाळी आली, आणि साबणाच्या फेसासकट बाहेर येऊन तिनं मला मिठी मारली. माझा झगा भिजला. मी तो दिवसभर बदलला नाही.

वीस तारखेला गुरुवारी विद्यापीठात सोहळा आहे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नमाजानंतर घरी जेवण. विद्यापीठाने आमंत्रणाची दोनच कार्डं दिली. एक तिनं बापाला दिलं, दुसरं माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "बाळा, त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत." तिनं कार्ड मागे घेतलं नाही. तशीच धरून म्हणाली, "मग कोणाला देऊ, आजी?" आणि माझ्याकडे बघत राहिली. चौदा वर्षांत तिनं तुझं नाव काढलेलं नाही. त्या दिवशीही काढलं नाही. पण मला ऐकू आलं.

तिच्या हाताचा डाग फिकट झालाय. कोपरापासून मनगटापर्यंत आहे, पण ती बाही लांब घालते. त्या दिवसाचं आज नको.

तू ये. सोहळ्याला नाही जमलं तर शुक्रवारी घरी ये. मुफ्लिहचं मी बघते. माझाच मुलगा आहे तो.

तुझी सासू (अजून म्हणू का?)
फिद्दा

सोमवार, १० जुलै

नजाह,

सालिमने तुझी चिठ्ठी आणून दिली. एवढा मोठा कागद आणि त्यावर एवढंच: "कोणाच्या शब्दावर येऊ? तुमच्या शब्दावर मी एकदा लेकरू सोडून गेले होते."

मी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली. भाजी करपली.

तर ऐक. त्या दिवशी तुझी कारखान्यात दुपारची पाळी होती, आणि तू पोर माझ्यापाशी सोडलीस. हे मी कधी नाकारलंय का? शेजारच्या उम्म रातिबच्या मोठ्या पोरीची मेंदी होती. ती दहादा बोलवायला आली. पोर झोपलेली, म्हटलं अर्धा तास जाऊन येऊ. आठ वर्षांची पोर उठून रस्त्यावर जाईल, म्हणून बाहेरून कुलूप लावलं. माया होती म्हणूनच लावलं ना? ती उठेल, चहा करायला जाईल, उकळती किटली अंगावर घेईल, हे कोणाच्या ध्यानात येणार?

कोर्टाचं म्हणशील, तर काजींनी विचारलं तेवढंच मी सांगितलं. पोर घरात एकटी होती का? होती. आई कुठे होती? कारखान्यात. दार बंद होतं का? होतं. यातलं खोटं काय आहे, सांग. पुढचं त्यांनी विचारलं नाही.

असो. झालं ते झालं. मी अजून मुफ्लिहशी बोलले नाही. लष्करातून निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर घरात असतो आणि दिवसभर चिडलेला असतो. सध्या तंबू आणि खुर्च्यांच्या मागे आहे. चांगली वेळ बघून विषय काढते.

तू नाही म्हणू नकोस.

फिद्दा

मंगळवार, १८ जुलै

नजाह,

विषय काढला. चांगली वेळ म्हणून मी त्याचा चहा होऊ दिला, दाढी होऊ दिली. मग म्हटलं, "शुक्रवारी नजाहला बोलावू या का?"

त्यानं वस्तरा धुतला. म्हणाला, "आई, लेकीच्या आनंदात त्या बाईचं नाव कशाला? तिनं माझी पोर कुलपात घातली आणि कामावर निघून गेली."

"चौदा वर्षं झाली रे."

"हात भाजला माझ्या पोरीचा. त्याला काय तारीख असते?"

"पण तिचं ऐकून तरी..."

"तुझंच ऐकलं ना मी! कोर्टात तुझ्याच शब्दावर निकाल लागला. आता तूच तिची वकिली करणार?"

मी चहाचे पेले उचलून आत आले.

आत लुजैन पदवीच्या काळ्या झग्याला इस्त्री करत होती. सालिमची जीभ लांब, त्यामुळे पत्रांचं तिला कळलंय. मान वर न करता म्हणाली, "ती येणार आहे का?"

"बघू."

"आली तर मला भांडायचं नाही, आजी. फक्त विचारायचंय की मला एकटीला टाकून जाववलं कसं. मी काही फार हट्टी होते का?"

मी म्हटलं, "नाही गं, तू तर गरीब गाय होतीस."

"मग?"

झग्यातून वाफ निघत होती. मी पेले धुवायला घेतले.

पोरी, या वेळी तू येऊ नकोस. दारातून परत पाठवलं तर त्या लेकराच्या डोळ्यांदेखत होईल. मी आणखी एकदा प्रयत्न करते. कसा ते मला ठाऊक नाही.

फिद्दा

शनिवार, २२ जुलै

नजाह,

आज सगळं लिहिते. आधीच्या पत्रात जे फिरवून लिहिलं तेही सरळ करते. मागची पत्रं ठेवली असलीस तर फाडून टाक.

गुरुवारी लुजैन सोहळ्याहून आली. बाप पाहुण्यांत बसला होता, त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. तिनं न वापरलेलं कार्ड कपाटात ठेवलं.

शुक्रवारी अंगणात तंबू लागला. भाड्याच्या खुर्च्यांत सहा मोडक्या निघाल्या, त्या मुफ्लिहने घरच्यांना दिल्या. माझे दीर अबू नायिफ आले. त्यांचं वय झालं तरी कंबरेचं पिस्तूल सुटत नाही. मुफ्लिहने गाडीपाशीच हात पुढे केला, "काका, ते इकडे द्या. आज गोळीबार नको."

"मग मी आनंद कशाने करू? टाळ्या वाजवून?"

"मनसफ खाऊन करा."

आत बायकांचा गलका. लुजैनने झगा घातला, अंगावरून निळा पट्टा, आणि टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. जिभा फिरवून बायकांनी असा गजर केला की शेजारची कोंबडी उडाली. उम्म रातिब म्हणाली, "आता फिद्दाला सुई टोचायला घरचीच नर्स!" दुसरी म्हणाली, "तिला सुई कशाला? जिभेला टाका घालणारी हवी." सगळ्या हसल्या. मीही हसले. डोक्यावरची टोपी मला दगडासारखी जड वाटायला लागली.

जेवणं झाली. मुफ्लिहचा मनसफ छान झाला होता, मटण मऊ, दह्याचा आंबटपणा बरोबर. पुरुषांना हात धुवायला पाणी गेलं आणि कॉफी सुरू झाली. मुफ्लिह स्वतः किटली, आपला दल्ला, घेऊन ओतत होता. मी काठी घेतली आणि तंबूत गेले.

सगळे उठून उभे राहिले. अबू नायिफने शेजारची गादी मोकळी केली. मुफ्लिहने माझ्या फिंजानात, त्या इवल्या कपात, घोटभर कॉफी ओतली. मी ती घेतली आणि न पिता समोर जमिनीवर ठेवली.

बाईने फिंजान ठेवल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. ते पुरुषांचं. मुलीला मागणी असो की समेट, घराण्यातली माणसं येतात, मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावत नाहीत. मला भीती वाटली की हसतील. आणि हसलेच.

अबू नायिफ म्हणाले, "फिद्दा, हे काय? लुजैनला स्थळ आणलंस?"

मागून कोणी बोललं, "आजीबाई स्वतःच मागणी घालायला निघाली! वऱ्हाड कुठाय?"

मुफ्लिहही हसला. लेकीचा दिवस, भरलेला तंबू, त्याची छाती फुगलेली. आपल्याकडची माणसं अशा वेळी जशी चुकतात तसाच तो चुकला. मोठ्याने म्हणाला, "आई, उचल फिंजान. तू मागशील ते दिलं. ऐकायच्या आधी दिलं!"

मी म्हटलं, "तर मग नजाहला या घरात येऊ दे. तिच्या लेकीच्या आनंदात तिला बसू दे."

त्याचं हसू एकदम गेलं. दल्ला हातात तसाच. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि शब्द तर तोंडातून निघून गेला होता. मग म्हणाला, "दिला शब्द. मागे घेत नाही. माझ्या लेकीला कुलपात टाकून गेली, तरी आईने फिंजान ठेवला म्हणून येऊ दे."

"वा रे मुफ्लिह!" लोक म्हणायला लागले. "याला काळीज लागतं!" कोणी त्याच्या खांद्यावर थाप मारली. अबू नायिफ मला म्हणाले, "झालं तुझं काम. घे आता."

झालंच होतं गं. मी फिंजान उचलला असता तर आज तू इथे असतीस. पण कोणत्या तोंडाने बसली असतीस? तिथे बसलेला एकेक माणूस तुला माफ करत होता. तू जे केलंच नाहीस, त्याची माफी. आणि माझं लेकरू तुला विचारणार होतं, मला टाकून जाववलं कसं.

मी म्हटलं, "थांबा. अजून माझं बोलणं संपलं नाही. मुफ्लिह, कुलूप मी लावलं होतं."

कोणाला कळलंच नाही. अबू नायिफ म्हणाले, "कसलं कुलूप?"

"त्या दिवसाचं. नजाहने पोर माझ्या हवाली केली होती. मी उम्म रातिबच्या घरी मेंदीला गेले."

तुला मी अर्धा तास लिहिलं होतं. अर्धा तास नव्हता. गाणी झाली, नाच झाला, मी दुसऱ्यांदा चहा घेतला. अडीच तास होते. हे मी तंबूत सांगितलं. आणि काजींचंही सांगितलं. ते मी तुला जे लिहिलं तसं नव्हतं, ते तुलाच चांगलं माहीत आहे. तू कोर्टात ओरडलीस, "मी पोर यांच्यापाशी सोडली होती!" काजींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तोंडातून शब्द काढला नाही. तोंडाने बोलले नाही म्हणजे खोटं नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले.

मुफ्लिहने विचारलं, "का?" पन्नाशीचा माणूस, पण आवाज मात्र सहा वर्षांच्या पोरासारखा.

आधी वाटलं सांगावं, त्याचा राग बघून घाबरले होते. ते खरंच होतं. पण सगळं नव्हतं. म्हटलं, "तुमचं आधीच पटत नव्हतं. नजाह पोरीला घेऊन अकाबाला माहेरी गेली असती. मला पोर हवी होती."

त्यानं दल्ला खाली ठेवला आणि तंबूबाहेर निघून गेला. अबू नायिफ माळेचे मणी ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, हे आज सांगायचं होतं का?"

"मग कधी, अबू नायिफ? तिच्या लग्नात?"

मी मागे वळले तेव्हा दारात लुजैन होती. हातात गोड कुनाफ्याचं मोठं ताट, अंगावर झगा. ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. तिनं ताट खुर्चीवर ठेवलं. बाही वर केली आणि हाताकडे बघितलं. म्हणाली, "किल्ली फिरल्याचा आवाज मला अजून आठवतो. मी अर्धवट जागी होते. मला वाटायचं, ती आईच होती."

मी म्हटलं, "लुजैन..."

"मी मंगळवारी विचारलं तेव्हाही तू सांगितलं नाहीस."

पाहुणे चपला शोधायला लागले. कोणी अभिनंदनाचं "मबरूक" म्हणालं, कोणी तेही नाही. कुनाफा कापलाच गेला नाही. संध्याकाळी उम्म रातिब भांडी घासायला मदतीला आली, आणि मला म्हणाली, "मेंदीला मीच ओढून नेलं होतं की तुला." मी म्हटलं, "नाही गं. मला यायचंच होतं."

मी काही मागत नाही. तू माफ कर असंही लिहीत नाही. फक्त तुला कळावं की ते बोललं गेलं. ज्यांनी तुझ्या मागे कुजबुज केली होती त्यातले पुष्कळजण तिथे होते, आणि त्यांच्यासमोर बोललं गेलं.

फिद्दा

सोमवार, २४ जुलै

नजाह,

मुफ्लिह त्याच्या काकांकडे जेवतो. झोपायला येतो, माझ्याशी बोलत नाही. काल सकाळी दारात थांबला आणि म्हणाला, "तिच्याशी मी काय काय बोललो होतो, तुला आठवतं का?" मी म्हटलं, आठवतं. तो गेला. त्यानं दिलेला शब्द अजून आहे. तू कधीही ये, कोणी अडवणार नाही. पण तू यावंस असं आता मी कोणत्या तोंडाने म्हणू?

लुजैन दोन दिवस खोलीत होती. मी दाराशी जेवण ठेवायचे. ती खायची आणि ताट धुऊन परत त्याच जागी ठेवायची. रागातसुद्धा ताट धुते. हे वळण तुझंच.

काल दुपारी बाहेर आली. हातात पिशवी. म्हणाली, "मी उद्या अकाबाला जातेय."

मी म्हटलं, "जा बाळा. थांब, एक पत्र देते, ते तिला..."

"नाही नेणार."

"चारच ओळी आहेत."

"चौदा वर्षं तिच्याबद्दल मी दुसऱ्याकडून ऐकलं. आता तिनंही तुझं कागदावरून ऐकायचं का? तू चल. तिच्यासमोर बोल."

"तिनं हाकलून दिलं तर?"

"परतीची बस चारला आहे."

"आणि तू?"

ती पिशवीची चेन ओढत होती. कपड्यांत काळा झगा होता, नीट घडी घातलेला. म्हणाली, "मी राहणार आहे."

"किती दिवस?"

"माहीत नाही, आजी. तिकडच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे. अर्ज केलाय."

मी जे केलं ते हे टाळण्यासाठीच केलं होतं.

तर मी येतेय. सालिमच्या बसमध्ये ती पुढे बसणार, मी मागे, तिनं तसं आधीच सांगितलंय. कुनाफा नव्याने केलाय, तिच्यासाठी आणि तुझ्यासाठी. शुक्रवारी राहून गेला तो सोहळा तुमच्या घरी होईल. मी त्यात नसेन, हे मला समजतं.

हे पत्र माझ्यापाशीच ठेवतेय. बोलताना जीभ अडली तर तुझ्या हातात देईन, नाहीतर परत घेऊन जाईन.

एकच सांगते. तुझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, असं सालिम म्हणाला. दार उघडशील तेव्हा आधी तिला आत घे. ती आता तुझ्यापेक्षा उंच झालीय, एकदम ओळखू यायची नाही. मी जिन्यावर थांबेन. मला जे सांगायचंय ते उभ्यानेही सांगता येईल.

फिद्दा